सांदण दरी कोणाची?

शनिवारची दुसरी पाळी करून रात्री उशिरा घरी परतलेले एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातील काही कामगार, वसाहतीतील दोन शिक्षक, एक सेवानिवृत्त फिटर आणि आम्ही असे अकरा जण गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे सांदण दरी पाहण्यासाठी निघालो. घोटी, बारी, शेंडी, उडदावणे करीत आमची गाडी अकोले तालुक्यातील साम्रद या आदिवासी गावी पोहोचली तेव्हा गावात नुकती उन्हे आली होती. गावापासून थोडे चालून गेले की माळाला अकस्मात एक भेग पडलेली दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर. त्यांतील भेगेत पावसाळी ओढा शिरला आणि युगानुयुगे ती रुंद व खोल करीत राहिला. दोन्ही अंगांना दोनशे-तीनशे फुटांच्या सरळसोट भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन माणसांना एकमेकांशेजारून जाता येईल एवढीच वाट, कमरेपर्यंतचे थंडगार पाणी आणि पुढे घराएवढाल्या धोंड्यांची रास. ऊन येथे दिवसातून घटकाभरच पाहुणे येते. जेथे ही घळ कोकणाच्या बाजूला एकदम तुटते आणि समोर आजोबाचा डोंगर उभा ठाकतो, तेथवर जाऊन आम्ही परत फिरलो. दोर लावून कडा उतरण्याचे आमच्यातील कित्येकांचे वय राहिलेले नव्हते.

परतीच्या वाटेवर एका धोंड्यावर विसावलो असता आमच्यातील फिटर मित्राने वाटाड्या तरुणाला सहज विचारले, "काय रे बाबा, ही दरी तुमच्या गावाच्या हद्दीत येते ना?" तो हसला आणि म्हणाला, "दरी आमची नाय, बाबा. सरकारची हाय. आम्ही निस्ती वाट दावतो."

हे वाक्य त्याने तक्रारीच्या सुरात उच्चारले नाही, आणि म्हणूनच ते आमच्या मनातून जात नाही. ज्याच्या पणजोबाने या घळीतील पाण्याचा ठावठिकाणा सांगितला असेल, ज्याची आजी याच कड्यावर हिरडा वेचीत आली, ज्याला पाऊस आल्यावर पाणी कोणत्या धोंड्यावरून कसे कोसळेल हे पुस्तकावाचून ठाऊक आहे, तो मनुष्य आपण येथले मालक नाही, निस्ते वाटाडे आहोत, हे इतक्या सहजपणे मान्य करतो. ही सहजता निर्माण होण्यास दोनशे वर्षे लागली आहेत. ती कशी निर्माण झाली आणि ती मोडण्यासाठी आपण काय करणार, याचा विचार कार्यकर्त्यांपुढे मांडावा म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. कामगाराने रविवारी डोंगरात जाणे ही चैन आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. या देशात रविवारची सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून 1890 साली ती मालकांकडून मिळविली. इंग्लंडमध्ये तर डोंगरात चालण्याच्या हक्कासाठी कामगारांना तुरुंगात जावे लागले. मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या पठारावर सरदार-जमीनदारांची पाखरांची शिकार चाले आणि त्यासाठी ते लोकांना बंद होते. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या मेकॅनिकच्या पुढाकाराने शेकडो कामगार तरुण त्या पठारावर सत्याग्रहाने चढले. पाच जणांना शिक्षा झाल्या. परंतु 1949 साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 2000 साली माळरानांवर मुक्तपणे चालण्याचा हक्क कायद्याने मान्य केला, आणि 2002 साली डेव्हनशायरच्या तत्कालीन ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. डोंगर, नदी आणि मोकळी हवा ही श्रमिकांचीही आहेत, हा त्या लढ्याचा धडा आपणांस शिरोधार्य आहे.

परंतु तो धडा सह्याद्रीत जसाच्या तसा लागू करता येत नाही, आणि आपल्या चळवळीतील अनेक निसर्गप्रेमी मित्रांची गफलत नेमकी येथेच होते. इंग्लंडमध्ये भूमी जमीनदाराने बळकावली होती आणि ती कामगारांसाठी खुली व्हावयाची होती. येथे जी भूमी आपल्यासाठी पावतीवर खुली झाली आहे, ती आधी तिच्याच लेकरांसाठी बंद करण्यात आली. किंडर स्काउटच्या वाटेवर चालणारा कामगार आपला गमावलेला वारसा परत घेत होता. सांदणच्या वाटेवर चालणारा एकलहऱ्याचा कामगार दुसऱ्याच्या अंगणातून चालत असतो, आणि त्या अंगणाचा धनी बाजूला उभा राहून त्याची पिशवी उचलीत असतो.

हे अंगण कसे गेले, ते थोडक्यात पाहू. रतनगड, अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या राखणीत महादेव कोळ्यांचा मोठा वाटा होता. त्या सेवेवर त्यांची वतने आणि मानमरातब उभे होते. 1818 साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडविल्या आणि राखणदारांची वतने घटविली. पाठोपाठ सावकार आला. रामजी भांगरे यांच्या बंडानंतर त्यांचे पुत्र, देवगावचे राघोजी भांगरे, यांनी सावकारांच्या वह्या आणि इंग्रजांची सत्ता या दोहोंविरुद्ध 1844 पासून डोंगर पेटविला. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. 1857 चा उठाव त्यानंतर नऊ वर्षांनी झाला. आज राघोजींच्या नावाने मिरवणुका निघतात, हे योग्यच आहे. परंतु ज्या डोंगरासाठी ते फासावर गेले त्या डोंगराचा सातबारा कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न मिरवणुकीत कोणी विचारीत नाही.

बंड मोडल्यावर कायदा आला. 1878 च्या आणि नंतर 1927 च्या वनकायद्याने जंगल सरकारजमा झाले. राब भाजणे, सरपण आणणे, गुरे चारणे, कारवीच्या काठ्या तोडून कुडाची भिंत बांधणे, हे कालपर्यंतचे हक्क होते. ते एका दिवसात गुन्हे ठरले किंवा फार झाले तर सवलती ठरले. त्यानंतर धरण आले. 1910 मध्ये सुरू झालेले भंडारदऱ्याचे काम 1926 मध्ये पुरे झाले. धरणाला मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव देण्यात आले. अकरा अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी साठविणाऱ्या या धरणाने खालच्या प्रवराकाठी ऊस उभा केला. पुढे त्याच खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा थोर प्रयोग यशस्वी केला, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या डोंगरउतारावरून ते पाणी वाहून येते, तेथील नागली आणि भात मात्र पावसाच्याच भरवशावर राहिले. घाटघरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि या डोंगरी पट्ट्यातील बाया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन झऱ्याच्या रांगेत उभ्या असतात. पाणी पडते येथे, साठते खाली आणि पिकते त्याहून खाली. सहकाराचे तत्त्व खोऱ्याच्या खालच्या टोकाला पोहोचले; वरच्या टोकाला ते अद्याप चढावयाचे आहे.

1986 साली हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. उद्देश चांगला होता, हे आम्ही मान्य करतो. जंगल राखलेच पाहिजे, कारण बिबट्या आणि भेकर यांना मतपेटी नसते. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मुळाशी जी कल्पना आहे ती तपासून पाहिली पाहिजे. जंगल म्हणजे माणसाविना असलेली भूमी, आणि माणूस तेथे असलाच तर तो अडथळा, अशी ती कल्पना. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. चांदोलीच्या उद्यानासाठी गावेच्या गावे उठवावी लागली. मुंबईच्या संजय गांधी उद्यानातील पाड्यांवरचे वारली आपल्याच घरात घुसखोर ठरविले गेले. अभयारण्यात वस्ती राहू शकते, म्हणून साम्रद, घाटघर, रतनवाडी ही गावे जागेवर राहिली. परंतु राहू देणे म्हणजे हक्क मान्य करणे नव्हे. भाडेकरूलाही मालक राहूच देतो.

येथे एकलहऱ्याच्या वाचकाने आपल्या घराकडेही पाहावे. आपल्या केंद्राचा पहिला संच 1970 साली सुरू झाला. पुढे 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॅटचे तीन संच आले. गोदाकाठच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना काम मिळावे म्हणून काय झगडावे लागते, हे येथल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. औष्णिक संच हवे तेव्हा चटकन बंद-चालू करता येत नाहीत. रात्री मागणी उतरते तेव्हाही ते धगधगत असतात. म्हणून साम्रदच्या शेजारी घाटघर येथे 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प उभारण्यात आला आणि 2008 साली तो कार्यान्वित झाला. मागणी नसलेल्या वेळच्या विजेने खालच्या, शहापूर तालुक्यातील जलाशयाचे पाणी सुमारे चारशे मीटर वर चढवावयाचे आणि मागणीच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज करावयाची, अशी त्याची रीत आहे. जाळे एकच असल्यामुळे एकलहऱ्याचा बॉयलर आणि घाटघरचा जलाशय हे एकाच कामाचे दोन हात आहेत. सांदणच्या तोंडाशी उभा असलेला तो वाटाड्या आणि आपल्या केंद्रातील ऑपरेटर यांची ओळख नाही, पण त्यांचे नाते आहे. ज्यांनी जमीन दिली त्यांनी विजेचा लाभ शेवटी पाहावा, हा अनुभव दोघांनाही सारखाच परिचित आहे.

हा विषय भूतकाळाचाही नाही. 2023 पासून राज्य सरकारने सह्याद्रीत असे उदंचन प्रकल्प उभारण्यासाठी सरकारी आणि खाजगी कंपन्यांशी एकामागून एक करार केले आहेत. सूर्याची वीज साठवावयाची तर अशी सोय लागेल, हे आम्हांस कळते, आणि विजेच्या कारखान्याच्या दारात राहून आम्ही विजेला नाक मुरडणार नाही. परंतु उद्या एखाद्या पठारावर मोजणीचे खांब रोवले जातील तेव्हा गाव कोणत्या अधिकाराने बोलणार? ज्याच्या नावावर काही नाही त्याला विचारण्याचे कोणास कारणच उरत नाही. त्याला फक्त कळविण्यात येते.

बंड, कायदा, धरण आणि अभयारण्य यांच्यानंतर आता पर्यटन आले आहे. त्याने साम्रदच्या तरुणांना काम दिले, ही गोष्ट नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्वी मजुरीसाठी नारायणगाव-ओतूरच्या मळ्यांकडे उतरणारी मुले आता तंबू लावतात, पिठले-भाकरी वाढतात, दोर धरतात. परंतु या कमाईची घडण पाहावी. मुंबई-पुण्याचा संयोजक माणशी पैसे घेतो, जाहिरात त्याची, नाव त्याचे, गिऱ्हाईकही त्याचेच. गावाच्या वाट्याला येते ती वाढप्याची आणि हमालाची मजुरी. ज्येष्ठाच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात, तेव्हा 'महोत्सवा'ला एवढ्या गाड्या येतात की, ज्या काळोखात काजवा आपली जोडीदारीण शोधतो तो काळोखच दिव्यांच्या झोतात नाहीसा होतो. हिरडा, बेहडा, सादडा यांची ही झाडे आजवर कोणी राखली? ज्यांनी राखली त्यांना गाड्या किती याव्यात हे ठरविण्याचा अधिकार आहे काय? नाक्यावर जी पावती फाडली जाते तिचा वर्षाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जातो काय? हे प्रश्न आम्ही कोणा एका कार्यालयाला विचारीत नाही. ते आम्ही व्यवस्थेला विचारतो, आणि ती पावती मुकाट्याने खिशात घालणाऱ्या आम्हांलाही विचारतो.

पर्यटनाच्या बरोबर 'आदिवासी संस्कृती'चे कौतुकही आले आहे. वाघबारशीला गुराख्यांनी वाघदेवाला नैवेद्य दाखवावा, बोहाड्यात मुखवटे नाचावेत, कुडावर चित्रे रंगावीत, आणि पाहुण्यांनी छायाचित्रे काढावीत. आम्हांला यात एक विसंगती दिसते. वाघदेवाची पूजा हा काही देखावा नाही. वाघ, गुरे आणि माणूस यांनी एकाच रानात कसे नांदावे याचा तो शतकानुशतकांचा करार आहे. जे शासन वाघबारशीच्या फोटोचे पोस्टर काढते त्याने तो करार करणाऱ्या पक्षालाच रानाच्या कारभारातून वगळावे, हे शोभत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातील. त्यांनी गावरान बियाणे जपले म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या एका महादेव कोळी बाईच्या ज्ञानाला राष्ट्रपती भवनात मान मिळतो, पण तिच्यासारख्याच हजारो बायांच्या ज्ञानाला जंगलाच्या आराखड्यात एक ओळ मिळत नाही. वारसा माणसांसह असतो. माणसे वगळून राहतो तो अजबखान्याचा माल.

याहून वेगळे काही होऊ शकते काय? होऊ शकते, याचा दाखला दूर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत आहे. तेथे कॅथरिन नदीने वालुकाश्म कापून एकामागून एक तेरा घळी केल्या आहेत. ती भूमी जावोइन नावाच्या आदिवासी समाजाची. गोऱ्यांनी तेथे राष्ट्रीय उद्यान केले आणि तिला कॅथरिन घळ हे नाव दिले. जावोइनांनी 1978 साली आपला दावा दाखल केला. कॅथरिन गावच्या अनेक गोऱ्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. आता उद्यान बंद होईल, पर्यटन बुडेल, अशी आवई उठविण्यात आली. सुमारे अकरा वर्षांच्या झगड्यानंतर सप्टेंबर 1989 मध्ये भूमी जावोइनांना परत मिळाली. त्यांनी ती 99 वर्षांच्या पट्ट्याने उद्यानासाठीच दिली. आता उद्यानाच्या व्यवस्थापक मंडळात जावोइनांचे बहुमत असते. उद्यानाचे नावही पालटून निटमिलुक असे त्यांच्या भाषेतील झाले. त्या नावात, त्यांच्या सृष्टिकथेप्रमाणे, तेथील रातकिड्यांचा आवाज आहे. कड्यावरून पाच दिवस चालत जाण्याची सुमारे 62 किलोमीटरची जी वाट आहे, तिला या भूमीच्या हक्कासाठी झटलेल्या पीटर जटबुला यांचे नाव आहे. उद्यान बंद पडले नाही. पाहुणे येतात, नावेत बसतात, वाट चालतात. आपण कोणाच्या घरी आलो आहोत, एवढे मात्र त्यांना दारातच कळते.

ऑस्ट्रेलियात सारे आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. 2019 मध्ये उलुरूच्या पवित्र खडकावर चढण्यास बंदी झाली आणि तेथील अनंगू लोकांची दीर्घकाळची विनंती मान्य झाली. पण पुढच्याच वर्षी, मे 2020 मध्ये, रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी जूकन घळीतील शैलाश्रय सुरुंगाने उडवून दिले. तेथे 46 हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वास्तव्याच्या खुणा होत्या आणि ते उडविणे त्या वेळच्या कायद्यात बसत होते. दोन घळी, एकच देश. एकीत मूळ रहिवाशांचा शब्द निर्णायक होता. दुसरीत त्यांना दाद मागता येत होती, नकार देता येत नव्हता. हक्क आणि सहानुभूती यांत किती अंतर असते, ते या दोन घळींवरून मोजता येते.

आपल्याकडे तर कायदाही आहे. 2006 चा वनहक्क कायदा आपल्या उद्देशिकेतच आदिवासींवर झालेला 'ऐतिहासिक अन्याय' मान्य करतो. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांनाही तो लागू आहे. वैयक्तिक शेतजमिनीपुरता तो नाही. गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क तो गावाला देतो, आणि वन्यजीव व जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती ठेवतो. त्याआधीच 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबाबत अधिकार दिले होते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे आपल्या बांबूचा व्यवहार आपण केला. तेथे जंगल संपले नाही, ठेकेदारी संपली. 2013 साली नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोंगराच्या दैवतासंबंधीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले, आणि बारा ग्रामसभांनी एकमुखाने खाणीला नकार दिला. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेलेल्या हजारो आदिवासी शेतकऱ्यांच्या रक्ताळलेल्या पायांनी हाच कायदा अमलात आणा असे सांगितले होते. ती या जिल्ह्याची खरी पदयात्रा. रविवारची आमची पदयात्रा तिच्यापुढे काहीच नाही.

यावर काही मित्र प्रामाणिक शंका घेतात. ग्रामसभेला हक्क दिला म्हणजे जंगल राहील याची हमी काय? उद्या गावातलाच एखादा धनदांडगा दरीच्या तोंडाशी सिमेंटचे विश्रामगृह बांधील, त्याचे काय? शंका रास्त आहे. आदिवासी म्हणजे देवमाणूस, अशी भाबडी समजूत आमची नाही. विषमता पाड्यावरही असते आणि पैशाचा मोह तेथेही पोहोचतो. परंतु आजची व्यवस्था तरी त्या मोहापासून दरीला वाचवू शकली आहे काय? दरीत पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या साम्रदच्या बायांनी आणलेल्या नसतात. शिवाय वनहक्काच्या निर्णयासाठी भरणाऱ्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची उपस्थिती लागते आणि त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जेथे सर्वांच्या देखत हात वर करावा लागतो, तेथे एकट्याचा कारभार अवघड होतो. लोकशाहीत चुकण्याची शक्यता असतेच. पण ती चूक दुरुस्त करणारे लोक त्याच गावात राहत असतात. दूरच्या कचेरीत झालेली चूक दुरुस्त करावयास गावाला पिढ्या लागतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. अभयारण्यातील प्रत्येक गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा, जेथे तो अद्याप प्रलंबित वा अपुरा असेल तेथे, मुदत ठरवून निकालात काढावा. प्रवेशाच्या पावतीत ग्रामसभेचा वाटा कायद्याने ठरावा आणि हिशेब फळ्यावर लागावा. दरीत दिवसाला किती माणसे जावीत, ती कोणत्या महिन्यांत बंद असावी, काजव्यांच्या दिवसांत गाडी कोठे थांबावी, हे ग्रामसभा आणि वनखाते यांनी एका चटईवर बसून ठरवावे. बाहेरच्या संयोजकाला तेथे धंदा करावयाचा असेल तर त्याने ग्रामसभेची परवानगी घ्यावी. आणि डोंगरात नवा प्रकल्प आणावयाचा असेल तर ग्रामसभेला आधी विचारावे, नंतर मोजावे.

पण मागणी करून मोकळे होणे हे आपल्या परंपरेला शोभणारे नाही. वनहक्काच्या दाव्याला नकाशा लागतो, जुन्या नोंदी लागतात, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लागतात, ठराव नीट लिहावा लागतो. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला होता. काही दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, पण कागद कच्चा राहिला तर काय प्रसंग ओढवतो ते त्या पंधरवड्यात लाखो कुटुंबांना कळले. एकलहऱ्याच्या वसाहतीत ड्राफ्ट्समन आहेत, सर्व्हेची कामे केलेले आहेत, मोडी वाचणारे एखाददुसरे गुरुजी आहेत, कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे कागद लढविलेले युनियनचे कार्यकर्ते आहेत. या मंडळींनी महिन्यातील एक रविवार डोंगरातील गावांना द्यावा. शिकविण्यासाठी जाऊ नये. विचारून जावे, आणि गाव सांगेल ते काम करावे. दरी पाहावयाची असेल तर काम संपल्यावर अवश्य पाहावी.

भंडारदऱ्यातून निघालेली प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते, आणि ती गोदावरी एकलहऱ्याच्या घाटावरून पुढे गेलेली असते. नद्यांना हे नाते ठाऊक आहे. आता ते माणसांनीही ओळखण्याची वेळ आली आहे. त्या तरुणाला आम्ही निघताना मजुरी दिली, आभार मानले, आणि तोही पुढच्या गाडीकडे वळला. त्याच्या वाक्याला उत्तर मात्र त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. पुढच्या वेळी त्याच धोंड्यावर बसून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर "दरी आमची हाय, या, पाहुणे" असे त्याला म्हणता यावे. तसे त्याला म्हणता येईल तेव्हाच आमची ती सहल पुरी झाली असे आम्ही समजू.